माणिकअण्णांची अकरा भाचरं

माणिकअण्णांनी मला खोली दिली ती माझ्याकडं बघून नाही, हातातल्या एका कागदाकडं बघून दिली.

मी हळ्ळीखेडचा, सीमेच्या कन्नड बाजूचा. त्या वर्षी तालुक्याच्या गावात, कन्नड माध्यमाच्या सरकारी हायस्कूलवर माझी नेमणूक झाली आणि दोन दिवस मी खोली शोधत फिरत होतो. खोल्या रिकाम्या होत्या, दारांवर तशा पाट्याही होत्या. पण माझं आडनाव ऐकलं की नेमका त्याच खोलीत मालकाचा कुणी पाहुणा राहायला येणार असायचा, नाहीतर तिचं छत गळायला लागायचं. आमच्या घरानं बुद्धाची वाट धरली ती आजोबांच्या काळात. आडनाव तेवढं जुनं राहिलं, आणि घरमालक तेवढंच बघतात. सातव्या घरापर्यंत मी शहाणा झालो होतो. आधी आडनाव सांगायचं, मग खोलीचं विचारायचं. पायपीट वाचते.

अण्णांचं आठवं घर. गावाबाहेर, भालकीच्या रस्त्याला, पॉलिटेक्निकच्या भिंतीला लागून. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक उंच, वाळका, पांढऱ्या शर्टातला माणूस हात लांब करून एक कागद बघत बसला होता. मी नाव सांगितलं, आडनावासकट. त्यांनी कागद खाली घेतला. ‘खोली कालच गेली बगा’ या वाक्यासाठी त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसत होतं.

“नोकरी कुठं म्हणायलाव?” मध्येच त्यांनी विचारलं.

“सरकारी हायस्कूल. कन्नड माध्यम.”

“कन्नड वाचता येतंय?”

“शिकवतो.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. पालिकेची नोटीस होती. परवान्यात घराभोवती जी मोकळी जागा दाखवली आहे तिच्यावर बांधकाम केल्याचं दिसतं, पंधरा दिवसांत खुलासा करावा. मी उभ्याउभ्या वाचून मराठीत सांगितलं.

“ते पंधरा दिवसांचं परत सांगा.”

मी सांगितलं.

“कवा येतायलाव राहायला?” अण्णा म्हणाले.

अण्णा तीस वर्षं बसडेपोत कंट्रोलर होते. कन्नड ते पाण्यासारखं बोलत. उदगीर, लातूर, हुमनाबाद अशा गाड्यांची नावं त्यांनी जन्मभर कन्नडमधून पुकारली. पण शिक्षण मराठी शाळेत झालेलं, कन्नडचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. सरकार मात्र त्यांच्याशी जे बोलायचं ते लेखीच बोले, आणि कन्नडमधूनच. तेव्हापासून नोटीस आली की माझं दार वाजायचं. इतर भाडेकरूंना अण्णा वर्षाला एकदा तरी ‘खोली सोडा’ म्हणत. मला कधी म्हणाले नाहीत.

निवृत्तीनंतर हातात आलेलं सगळं त्यांनी त्या जागेत घातलं होतं. जागा मुळात शेत. ते रीतसर बिगरशेती न करताच कुणीतरी त्याचे प्लॉट पाडून विकले होते. घेताना कुणी सांगितलं नाही का, असं मी एकदा विचारलं.

“सांगितलं की. पण ते बेंगळुरातल्यांसाठी असतंय.”

हे त्यांचं उत्तर कुठल्याही नियमाला चालायचं. घराभोवती जागा सोडायची, ते बेंगळुरातल्यांसाठी. गाड्या लावायला जागा, ते बेंगळुरातल्यांसाठी. भाड्यानं खोल्या द्यायच्या तर व्यवसायाचा परवाना आणि आग विझवायचं नळकांडं, ते तर फक्त बेंगळुरातल्यांसाठीच. एवढ्या सगळ्या नियमांखाली ती माणसं राहतात तरी कशी, याची अण्णांना मनापासून कीव यायची.

पालिकेनं मंजूर केलेला नकाशा त्यांनी मला एकदा कौतुकानं दाखवला. सुरेख घर होतं ते. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मागं न्हाणी, पूर्वेला बाग. प्रत्यक्षात तिथं दोन मजल्यांवर भाड्याच्या अकरा खोल्या होत्या आणि पुढं अण्णांचं स्वतःचं बिऱ्हाड. नकाशात जिथं बाग होती तिथं मी राहत होतो.

स्वतःच्या नियमांच्या बाबतीत मात्र अण्णांचा कारभार कडक. जिन्याजवळच्या भिंतीवर त्यांनी सतरा नियम ऑइलपेंटनं लिहून घेतले होते. खोलीत एकच माणूस. भिंतीला खिळा नाही. पाहुणा आला तर नाव सांगायचं आणि संध्याकाळच्या आत घालवायचा. चौथा नियम अंडी आणि मटणाचा. बोलताना ते नियमाचा नुसता आकडा म्हणत. “मास्तर, सात नंबरच्या खोलीतून चार नंबर यायलाय की वास,” असं म्हणत ते जिन्यावर नाक वर करून उभे राहायचे. डेपोतली शिटी त्यांनी निवृत्त होतानाही परत केली नव्हती. नळाला पाणी आलं की ती वाजायची आणि पाठोपाठ पुकारा व्हायचा. “खोली नंबर पाच, बादली भरली, बाजूला घ्या. मागं खोली नंबर नऊ लागली हाय.” नऊ नंबरला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई राहायच्या. त्यांनाही लाईन मोडायची मुभा नव्हती.

माझ्याशी ते चांगलं बोलत. तासन्‌तास बोलत, पण उंबऱ्याबाहेरून. मी चहा विचारला की “आत्ताच झाला” म्हणायचे. चार वर्षांत त्यांचा चहा कायम आत्ताच झालेला होता.

नोटिशीच्या खुलाशाचं मी दोनतीनदा काढलं. “पंधरा दिवस झाले की तेच विसरतात,” अण्णा म्हणाले, आणि खरंच पुढं काही झालं नाही. त्यांच्या मनात त्यामुळे असं बसलं की वेळ हेच सरकारला द्यायचं उत्तर. बेंगळुरातल्यांना हे कळत नव्हतं, म्हणून ते भिऊन बागा करत होते.

मग एक दिवस त्यांना नियम पाळायची हुक्की आली. बाजारात दुकानांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरं मोठी हवीत असा हुकूम निघाला होता आणि रंगाऱ्यांना जेवायला वेळ नव्हता. अण्णांच्या दाराला एवढासा मराठी फलक होता, ‘खोल्या मिळतील’. कुणी त्यावरून बोलायच्या आत आपणच बदलावा, असं त्यांच्या मनानं घेतलं.

“अण्णा, हे दुकानांसाठी आहे,” मी म्हणालो.

“असू द्या की. एखादा तर पाळावा माणसानं. तुमी लिवून द्या, मोठ्या अक्षरात.”

मी कागदावर कन्नडमध्ये लिहून दिलं: विद्यार्थ्यांसाठी अकरा खोल्या भाड्याने. अकरा हा आकडा अण्णांनी आग्रहानं घालायला लावला. रंगाऱ्यानं पिवळ्यावर लाल अक्षरांत असा फलक केला की भालकीच्या बसमधून तो वाचता येई.

दावणगेरेकडच्या एक तरुण इंजिनिअर मॅडम पालिकेत नव्यानं आल्या होत्या, त्यांनी तो बसमधूनच वाचला. दप्तर काढून बघितलं तर त्या जागेवर एक घर आणि एक बाग. अण्णांनी जन्मात एक नियम पाळला, आणि त्यानंच ते सापडले.

मॅडम सोमवारी मोजणीला येणार, हा निरोप आदल्या दिवशी आला. अण्णांनी शिटी वाजवून सगळ्यांना अंगणात बोलावलं, फलक उतरवून कॉटखाली घातला, आणि सांगितलं, “उद्या तुमी भाडेकरू न्हाई. हे घर हाय आणि तुमी माझी भाचरं हाव. आडनावं वेगळी हायत, म्हणून पुतणे म्हणता येत न्हाई. बहिणीची पोरं म्हणायचं. मला मामा म्हणायचं.”

पॉलिटेक्निकची पोरं हसायला लागली. नर्सबाई अण्णांपेक्षा पाचसहा वर्षांनीच लहान असतील, त्यांनी “मी पण?” विचारलं.

“तुमी थोरल्या बहिणीच्या.”

मी बाजूला उभा होतो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, थोडे थांबले आणि म्हणाले, “मास्तर, तुमी बी.”

सोमवारी मॅडम टेप घेऊन आल्या, बरोबर एक शिपाई. त्या सगळीकडं फिरल्या. बाग कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही, माझ्या खोलीची लांबीरुंदी मात्र दोनदा लिहून घेतली, खाली माझं आडनावही. मग अंगणात येऊन कन्नडमध्ये म्हणाल्या, “घर एक आहे म्हणता, मग गॅसच्या शेगड्या अकरा कशाला?”

“मॅडम, भाचरांचं आपसात पटत न्हाई,” अण्णा अस्खलित कन्नडमध्ये म्हणाले.

“बहिणी किती तुम्हाला?”

अण्णांना बहीण एकच होती, औरादला. त्यांनी अंगणातल्या पोरांवरून नजर फिरवून मनात भाग घातला आणि सांगितलं, “सात.”

मॅडम माझ्याकडं वळल्या. “तुम्ही हायस्कूलचे सर ना? तुम्ही यांचे भाचे?”

“ते तसं म्हणतात,” मी म्हणालो. खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही. त्या प्रसंगाबद्दल मला अजून धड अभिमान वाटत नाही आणि धड लाजही वाटत नाही.

मॅडमनी टेप गुंडाळली. त्यांना आमच्या भागात येऊन तीनच महिने झाले होते, पण कोण कुणाच्या घरचं पाणी पीत नाही हे कळायला आपल्या देशात तेवढेही लागत नाहीत. म्हणाल्या, “ऊन फार आहे. सरांकडंच चहा घेऊ. मामांनीही बसावं.”

मी तीन कप चहा केला. मॅडम माझ्या खुर्चीवर बसल्या, अण्णा कॉटच्या कडेवर. कप हातात दिल्यावर अण्णांनी तो जरा वेळ नुसता धरला. त्यांच्या डोळ्यांपुढून त्या वेळी काय काय गेलं असेल, मला माहीत नाही. अकरा खोल्या नक्की गेल्या. मग त्यांनी डोळे मिटून चहा संपवला. मॅडमनी विचारलं, “भाचा चहा कसा करतो?”

“साखर जास्त घालतो,” अण्णा म्हणाले.

घटनेला जे सत्तर वर्षांत आमच्या गल्लीपर्यंत आणता आलं नव्हतं, ते बांधकाम परवान्याच्या भीतीनं दहा मिनिटांत आणलं. पण फार काही मनावर घ्यायला नको. पुढच्या आठवड्यापासून अण्णा आपण होऊन माझा चहा प्यायला लागले हे खरं, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून. बसून प्यायला सरकार लागत होतं. आणि भिंतीवरचा चौथा नियम होता तसाच होता.

महिन्याभरात नोटीस आली. मी वाचायला घेतली. पूर्वेकडच्या तीन खोल्या आणि पुढच्या गटारीवर आलेला सज्जा बेकायदा आहे, हे सगळं काढून टाकावं; उरलेल्या बांधकामासाठी दंड भरून अर्ज करावा. शेवटी एक ओळ होती. मालकाच्या सांगण्यानुसार सर्व अकरा रहिवासी त्यांची भाचरं असून ती सात बहिणींची आहेत. बहिणींच्या अस्तित्वाचा पुरावा सादर करावा.

“असं लिवलंय?” अण्णांनी विचारलं.

“असंच लिहिलंय.”

“मोठी हुशार बाई हाय,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. डेपोतून एखादी गाडी वेळेवर सुटल्यासारखा तो आवाज होता. मग नोटीस घडी करून खिशात ठेवली. “बघू. पंधरा दिवस जाऊ द्या.”

हेही पंधरा दिवस गेले असते. पण तेवढ्यात अण्णांची मुलगी, सुरेखा, उदगीरहून परत आली. सासरी आठ वर्षं काढून एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन ती आली आणि पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायला बसली. परत का आली हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि तिच्या मनगटावरची खूण बघितल्यावर विचारायची कुणाची छाती झाली नाही.

अण्णांना मुलगा नव्हता. पुतणे होते, खरे. ते चिटगुप्प्याहून लगेच येऊन गेले. काकांची तब्येत विचारली, जिना चढून खोल्या मोजल्या, आणि जाताना सुरेखाला म्हणाले, “अक्का, तू किती दिवस हाईस?” अण्णांनी ते ऐकलं. इमारत तिच्या नावावर करायची असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन नोंदणी कार्यालयात गेले.

तिथल्या कारकुनानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की पालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची नोंद, जिला आमच्याकडं खातं म्हणतात, ती या जागेला धड लागलेलीच नाही. ती लावून आणल्याशिवाय बक्षीसपत्र होणार नाही. पालिकेत गेलो तर मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, “नोटिशीत लिहिलंय तेवढं करा, खातं मी लावून देते.”

अण्णा म्हणाले, “मॅडम, ह्या रस्त्यानं सगळ्यांनी असंच बांधलंय. मलाच कामून?”

“तुम्ही फलक लावला म्हणून,” मॅडम म्हणाल्या. “त्यांचीही बारी येईल.” त्यांची बारी अजून आलेली नाही. मॅडमची बदली मात्र त्याच वर्षी झाली.

घरी आल्यावर अण्णांनी सुरेखाला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, “तीन खोल्या पाडायच्या म्हणजे हात तोडल्यासारखं हाय. थोडं थांबू. नवा साहेब आला की बघू.”

सुरेखानं मशीन थांबवलं. “अप्पा, तुमी थांबा. तुमचे पुतणे थांबतील का?”

अण्णांनी खिशातली नोटीस चाचपली.

“मला अकरा खोल्या नगंत. मला कुणी उठ म्हणणार न्हाई अशी एक जागा पाहिजे. ती कागदावर पाहिजे.”

त्या आठवड्यात खोल्या पाडायला सुरुवात झाली. तीनपैकी एक माझी. मी ट्रंक आणि पुस्तकं अंगणात काढून ठेवली. गवंड्यानं छपराचा पत्रा काढला तसं खोलीत वरून ऊन पडलं आणि माझी चार वर्षांची काळी पडलेली शेगडीमागची भिंत सगळ्यांना दिसली. अण्णा शिटी खिशात ठेवून उभे होते. पहिला घण बसल्यावर ते आत जाऊन बसले. थोड्या वेळानं परत बाहेर आले आणि गवंड्याला म्हणाले, “चौकट सागाची हाय, ती हळू काढ.” मग माझ्याकडं वळले.

“मास्तर, तुमी कामून असं तोंड करून उभारलाव? पडायलंय तर माझं पडायलंय.”

“माझं घर होतं ते, अण्णा.”

“तुमचं कसं?” ते म्हणाले. मग जरा वेळानं, घणाकडं बघतच, म्हणाले, “व्हय. राहत होता तुमी.”

मला वरची मोकळी झालेली खोली सुरेखानं दिली. अण्णांनी माझी ट्रंक एका बाजूनं धरली आणि जिन्यापर्यंत आणली. नंतर सगळ्या इमारतीला चुना झाला तेव्हा ते सतरा नियम पुसले गेले. रंगाऱ्याला परत बोलवायचं अण्णांनी काढलं. सुरेखानं तोवर प्रत्येक भाडेकरूचा करार छापून आणला होता. ओळखपत्राची प्रत, दोन महिन्यांची आगाऊ सूचना, सगळं लिहून.

अण्णांनी तो मला वाचायला लावला. “ह्यात चार नंबर कुठं हाय?”

“ते न्हाई त्यात,” सुरेखा मशीनवरून म्हणाली. “कायद्यात तसलं काय न्हाई, अप्पा.”

“ते बेंगळुरातल्या कायद्यात,” अण्णा पुटपुटले, पण मोठ्यानं म्हणाले नाहीत. त्या रविवारी नर्सबाईंनी उघड्या खिडकीत ऑम्लेट केलं. अण्णा जिन्यावर आले, नाक वर केलं, आणि खाली गेले.

खातं लागलं. बक्षीसपत्राच्या दिवशी नोंदणी कार्यालयात साक्षीला मी होतो. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, बोटांचे ठसे झाले. सही करायच्या आधी अण्णांनी सगळे कागद माझ्याकडं दिले. मी वाचत गेलो: जागा, चतुःसीमा, आठ खोल्या, मुलीच्या नावे. शेवटच्या पानावर एक कलम होतं, देणाऱ्याला हयातीपर्यंत पुढच्या खोलीत राहण्याचा हक्क राहील.

“ते परत वाचा,” अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं.

“मला काढता येत न्हाई म्हणजे?”

“नाही अण्णा. कुणालाच नाही.”

शेजारच्या बाकावर सुरेखा बसली होती. ती म्हणाली, “अप्पा, मी कामून काढीन?”

“तसं न्हाई बाई,” ते म्हणाले, “कागदात असलं म्हणजे बरं असतंय.” आणि त्यांनी सही केली, मराठीत, रेघ ओढून.

पुढच्या जूनमध्ये माझी चिटगुप्प्याला बदली झाली. निघताना अण्णांनी मला पाडलेल्या खोलीच्या सागाच्या चौकटीचं लाकूड घेऊन जा म्हणून सांगितलं, त्याचं टेबल होईल म्हणाले. मी घेतलं नाही. आता वाटतं, घ्यायला हवं होतं.

त्यानंतर एकदाच दिसले. चिटगुप्प्याच्या बाहेर हुमनाबाद रस्त्याला नवे प्लॉट पडलेत, तिथून मी शाळेतून येत होतो. दुपारची वेळ, माणूस नाही, चारदोन शेळ्या तेवढ्या. त्या उन्हात अण्णा धोतराचा सोगा वर धरून एका प्लॉटवर पावलं टाकत चालले होते. मी गाडी थांबवून हाक मारली.

“घ्यायलाव काय, अण्णा?”

“घ्यायला आता काय हाय माझ्याकडं? पुतण्याकडं आलतो, नुसतं बघायलोय.” ते जवळ आले, माझी चौकशी केली, सुरेखाचं बरं चाललंय म्हणाले. शाळा कशी आहे विचारलं. घरी चला म्हणालो तर “बसची येळ झाली” म्हणाले. पण बसकडं न जाता परत प्लॉटच्या कोपऱ्यावर गेले आणि पहिल्यापासून मोजायला लागले.

मी गाडी सुरू केली तरी आरशात बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते, मान खाली होती. हद्दीचा दगड आला. अण्णा थांबले, रस्त्याकडं एकदा बघितलं, आणि दगडाच्या पलीकडं आणखी एक पाऊल टाकून मग वळले.